रत्नम्माला आत्ताच सांगा

उदगीरच्या बाजारामागच्या गल्लीत रत्नम्माची पिठाची गिरणी आहे. त्या गिरणीत पाऊल टाकलं की चांगल्या धडधाकट कानांची माणसंही बहिरी होतात. पट्टा फिरायला लागला की शेजारी उभ्या असलेल्या बाईचं बोलणं ऐकू येत नाही. मग सगळ्या हातांनीच बोलतात. दोन तळवे एकमेकांवर थापले की भाकरीची ज्वारी. हवेत लाटणं फिरवलं की गहू. अंगठा बोटांवर घासला की बारीक दळ. ही बोली रत्नम्मानं गल्लीला शिकवली की गल्लीनं तिला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पण त्या एवढ्याशा खोलीत रत्नम्मा कोणाहून कमी नव्हती. गिरणीची पायरी उतरल्यावर मात्र त्याच बाया तिला 'मुकी' म्हणत.

मुकी ती नव्हतीच. जन्मापासून बहिरी होती, एवढंच. आवाज होता तिला, आणि तो चांगला दणदणीत होता. स्वतःचा आवाज तिनं कधी ऐकला नसल्यामुळे त्याला वळण नव्हतं, इतकंच. चिडली की तो बाहेर पडे आणि पोरं दचकत. नवरा मलप्पा भला माणूस. त्यानं तिला गिरणी चालवायला शिकवली, आणि तो गेला तेव्हा दीर येऊन म्हणाले, आता गिरणी आम्ही बघतो. रत्नम्मानं बटण दाबलं, पट्टा सुरू केला आणि दारात पोतं टाकून त्यावर बसली. त्या घरघरीत दिरांचं बोलणं त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. शेवटी कंटाळून ते चहा प्यायला गेले ते परत आले नाहीत.

नाटक तिच्या आयुष्यात आलं ते सुदर्शन सरांमुळे. सर कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत आणि उरलेला जीव नाटकावर टाकत. एकदा ते दळण घेऊन आले तेव्हा रत्नम्मा एका गिऱ्हाइकाची नक्कल करत होती. दुसरीच्या डब्यातलं पीठ आपल्यापेक्षा बारीक आलंय म्हणून दर खेपेला कुरकुरणारी बाई. डब्यात नाक घालणं, चिमूट घेऊन डोळ्यांजवळ नेणं, मग सगळ्या जगावरचा तो संशय. गिरणी हसून लोटपोट झाली होती. सर आपला डबा विसरून उभेच राहिले. मग त्यांनी रत्नम्माच्या मुलीला, लातूरला नर्सिंग शिकणाऱ्या सृष्टीला, फोन केला आणि तिच्यामार्फत विचारलं, आई नाटकात काम करतील का? व्हिडिओ कॉलवर सृष्टीनं विचारताच रत्नम्मानं उलट विचारलं, "पीठ दळणाऱ्या बाईचं काम आहे का? ते असेल तर नको. ते मी रोज करते."

सरांच्या नाट्यमंडळात ऐकणारे होते ते हौशी लोक. त्यांच्यात वर्षाराणी नावाची अंगणवाडीताई होती. तिचा आवाज ऐकून भांडणारी पोरंही गप्प होत असत. न ऐकणारे दोघंच, रत्नम्मा आणि अमरेश. अमरेश तरणाबांड वेल्डर, बिदर रोडला ग्रिल बनवायचा. बहिऱ्यांमध्ये माणसाला नाव देण्याची एक रीत आहे. माणसाची जी खोड डोळ्यांत भरते, तेच त्याचं हातावरचं नाव. सरांचं नाव पडलं 'चष्मा वर ढकलणारा'. वर्षाराणीचं 'गालाची खळी'. सरांना आधी वाटलं होतं, आपलं नाव 'गुरुजी' वगैरे काही ठेवतील. ते जरा खट्टूच झाले.

पहिलं भांडण झालं ते अंधारावरून. तालमीत लाईट गेली की ऐकणारे खुशाल गप्पा मारत बसायचे. त्या दोघांच्या दृष्टीनं अंधार म्हणजे सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावणं. लाईट आल्यावर बघावं तर नाटकातला अर्धा प्रवेश बदललेला, आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं, नंतर सांगतो. रत्नम्मानं तिसऱ्या की चौथ्या खेपेला पायताण घातलं आणि घरी निघाली. सर मागं धावत आले. मग नियम झाला. लाईट गेली की सगळ्यांनी गप्प बसायचं, जांभईसुद्धा आवाज न करता द्यायची. बँकेतले एक काका म्हणाले, "ह्ये तर लई बेजार काम झालं राव, लाईट जाती दिवसातून धा खेपा." पण नियम राहिला. सर मनानं वाईट नव्हते, हे इथं सांगून ठेवायला पाहिजे. पुढं त्यांचा राग येणार आहे.

नाटकाचं नाव ठरलं, 'आधी जेवून घ्या'. ते सगळ्यांनी मिळून रचलं. एक घर, जेवायला बसलेली माणसं, हास्यविनोद, आणि वाढणारी एक बहिरी बाई. सगळे हसतात, ती विचारते काय झालं, आणि जो तो म्हणतो, नंतर सांगतो. शेवटचं भाषण रत्नम्माचं होतं. ते तिला कोणी लिहून दिलं नव्हतं. तालमीत सरांनी विचारलं होतं, या बाईला शेवटी काय म्हणायचं असेल? आणि रत्नम्माचे हात सुरू झाले होते. सृष्टीनं व्हिडिओ कॉलवरून त्याचा अर्थ सरांना सांगितला होता.

"माझं लग्न ठरलं तेव्हा म्हणालात, नंतर सांगतो. अंगाला हळद लागली तेव्हा मला कळलं. अप्पा गेले तेव्हा म्हणालात, नंतर सांगतो. माती सारखी करून झाल्यावर मला कळलं. तुम्ही हसता, मी विचारते, तुम्ही म्हणता आधी जेवून घे. नाही जेवत. मला सगळं आत्ता सांगा. माझ्याकडे बघून सांगा. तोवर या घरात कोणी जेवणार नाही."

आणि ती बसलेल्यांच्या पुढची ताटं एकेक करून उचलते. नाटक तिथं संपतं.

यातलं एक अक्षरही मनचं नव्हतं. अप्पा, म्हणजे तिचे वडील, देगलूरला वारले तेव्हा शेजारच्या दुकानात फोन आला होता, अप्पा आजारी आहेत, सावकाश या. उदगीरहून देगलूर असं किती लांब? लिंगायतांत माणसाला पुरतात; ती पोचली तेव्हा समाधीवर ओल्या मातीचा ढिगारा होता आणि बेलाची पानं सुकायला लागली होती. भाऊ बसवंत तिच्यापेक्षा धाकटा. त्याचं देगलूरला आडत दुकान. त्या दिवशी तिनं त्याला हातांनी, डोळ्यांनी, आवाजानं, सगळ्यानं विचारलं, का? त्यानं तिला माजघरात नेऊन बसवलं आणि समोर ताट ठेवलं. त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. सणावाराला जाणं-येणं होतं, पण तो प्रश्न तसाच राहिला होता.

म्हणून उदगीरच्या पहिल्या प्रयोगाला तिनं बसवंतला मुद्दाम बोलावलं. ऐकणाऱ्या प्रेक्षकांसाठी वर्षाराणी विंगेतून माईकवर तिचं बोलणं सांगणार होती. शेवटचं भाषण झालं. रत्नम्मानं ताटं उचलली आणि पाहिलं तर अख्खं सभागृह डोळे पुसत होतं. बसवंत तर हमसून हमसून रडत होता. पडद्यामागं येऊन त्यानं अक्काचे दोन्ही खांदे धरले. दुसऱ्या दिवशी इरकल लुगडं पाठवून दिलं. रत्नम्माला वाटलं, समजलं याला. इतक्या वर्षांनी का होईना, समजलं. त्या दिवसांत तिचं दळणही भराभर होत होतं.

सृष्टी सुट्टीत आली तेव्हा आईनं मोठ्या कौतुकानं मोबाईलवरचा प्रयोग लावून दिला. भाषणाची वेळ आली आणि रत्नम्मा मोबाईलकडे नाही, मुलीच्या तोंडाकडे बघत बसली. रडते का बघू म्हणून. सृष्टी रडली नाही. तिचा चेहरा आधी कोरा पडला, मग लाल झाला.

"काय झालं?" रत्नम्मानं विचारलं.

"नंतर सांगते," सृष्टीचे हात म्हणाले. म्हटलं आणि तिनंच जीभ चावली. आईच्या डोळ्यांत बघायची सोय उरली नाही. तिनं व्हिडिओ मागं नेला आणि वर्षाराणीच्या गोड आवाजाचा एकेक शब्द हातांवर आणून आईपुढं ठेवला.

"मी मुकी आहे, पण माझं मन बोलतं. मला शब्द नाहीत, तुम्हीच माझे शब्द व्हा. तुमच्या सावलीत मला थोडी जागा द्या."

रत्नम्मानं तीनदा बघितलं. म्हणजे लोक रडले ते यावर. आणि ताटं उचलली तेव्हा त्यांना वाटलं असणार, बिचारी परत कामाला लागली. बसवंतनं लुगडं पाठवलं ते काय समजून? त्याला वाटलं, अक्का हात जोडून जागा मागतेय. आणि आपण त्या लुगड्याची घडी मोडून महादेवाला जाऊन आलो. ते आठवून तिला स्वतःचीच चीड आली. तिनं लुगडं काढून कपाटाच्या तळाला टाकलं आणि सृष्टीला सोबत घेऊन तडक तालमीच्या जागी गेली.

सर तिथं नांदेडच्या महोत्सवाचा फलक बघत होते. 'कर्णबधिर कलाकारांचा हृदयस्पर्शी आविष्कार' असं त्यावर छापलं होतं. रत्नम्माचे हात बघून ते समजले. चष्मा वर ढकलला.

"अक्का, तुमचं जसंच्या तसं बोललं ना, तर लोक नाराज होतेत," ते बोलले, आणि तोडक्यामोडक्या खुणा केल्या. "त्यांना वाटतंय, आपल्यालाच शिव्या देऊन राहिली ही बाई. परीक्षक काय म्हनतील? प्रेक्षकाला आधी आपलंसं करावं लागतंय."

"नाराज होऊ द्या," रत्नम्मा म्हणाली. "माझं बोलणं आहे. ते नाराज व्हायलाच केलंय."

"नांदेडचा येवढा प्रयोग होऊ द्या. मग आपन नंतर..."

पुढचं त्यांनी गिळलं, पण ओठांवर ते यायचं तेवढं आलं होतं. रत्नम्मानं त्यांच्याकडे असं पाहिलं की सर फलकाची घडी घालायला लागले.

सगळ्यांना वाटलं, आता ही काम सोडणार. वर्षाराणी तर रडवेली होऊन गिरणीत आली. "अक्का, मला जे पाठ करायला दिलं ते मी बोलले गं. तुझ्या हातातलं मला कुठं कळतंय?" सृष्टीनं ते आईला सांगितलं. रत्नम्मानं पट्टा बंद केला, तिला पोत्यावर बसवलं आणि भाषणातली पहिली खूण केली. बोटांना हळद लावून गालावर ओढली. मग त्याच खुणेवर थांबून राहिली, वर्षाराणीनं ती करून दाखवेपर्यंत. रोज संध्याकाळी अंगणवाडी सुटली की वर्षाराणी येऊ लागली. अप्पांची खूण, मातीची खूण, 'आत्ता'ची खूण. 'आत्ता' म्हणताना रत्नम्मा दोन्ही हात असे खाली आपटायची की पिठाचा धुरळा उडायचा. काम सोडण्याचं तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. नाटक तिचं होतं, ती कशाला सोडेल? तिनं वर्षाराणीला एवढंच सांगितलं, "विंगेत तू अशी उभी राहा, की मला तुझं तोंड दिसेल."

नांदेडचं नाट्यगृह मोठं. बसवंत या वेळी बायको, व्याही, दुकानातला मुनीम अशी सगळी फौज घेऊन चौथ्या रांगेत बसला होता. बहिणीचं कौतुक दाखवायला आणलं होतं त्यानं सगळ्यांना. नाटक रंगलं. अमरेशनं मुलाच्या कामात हशे घेतले. जेवणाची पंगत बसली, हसणं झालं, नंतर सांगतो झालं, आणि रत्नम्मा पुढं आली.

विंगेत वर्षाराणी माईक धरून उभी होती. शेजारी सर, हाताची घडी घालून. पाठ केलंय तेवढंच बोलायचं, असं त्यांनी तिला बजावलं होतं. रत्नम्मानं गालावर हळद ओढली आणि विंगेकडे पाहिलं. वर्षाराणीचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. 'मी मुकी'. दुसरं काही तिला ओठांवरून ओळखता येवो न येवो, हा एक शब्द जगातल्या कुठल्याही ओठांवर ती ओळखत होती. आयुष्यभर तोच तर बघितला होता.

तिनं हात खाली सोडले.

माईकवरचा आवाज पुढं जात राहिला. "...पण माझं मन बोलतं. मला शब्द नाहीत, तुम्हीच..." रंगमंचावर बाई हात सोडून उभी, आणि तिचं मन मात्र लाऊडस्पीकरमधून बोलतंय. मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. आवाज अडखळला आणि थांबला. पंगतीतले नट हातातला घास हातात धरून एकमेकांकडे बघायला लागले. सरांनी विंगेतून खुणांचा सपाटा लावला, चालू ठेवा, चालू ठेवा. रत्नम्मानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती वर्षाराणीकडे बघत होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हळद, गाल. आणि थांबली.

वर्षाराणीनं माईक सरांच्या हातात दिला. पदर खोचला आणि सरळ उजेडात चालत आली. रत्नम्माच्या शेजारी उभी राहिली, लोकांकडे नाही, रत्नम्माच्या हातांकडे तोंड करून. रत्नम्माचे हात हलले, आणि माईक नसताना, पाठ केलेलं सगळं सोडून, ती अंगणवाडीतल्या मोकळ्या गळ्यानं बोलली.

"माझं लगीन ठरलं तवा म्हनलात, नंतर सांगतो. अंगाला हळद लागली तवा मला कळलं. आप्पा गेले तवा म्हनलात, नंतर सांगतो. माती सारखी केल्यावर मला कळलं..."

कोणी रडलं नाही. रुमाल निघाले नाहीत. "न्हाई जेवत. मला समदं आत्ता सांगा" यावर रत्नम्माचे हात खाली आपटले तेव्हा पुढच्या रांगेतले एक पाहुणे खुर्चीत मागं सरकले. बसवंतच्या व्याह्यानं त्याच्याकडे वळून पाहिलं, बायकोनं पाहिलं, मुनीम जमिनीकडे बघायला लागला. बसवंत कुठं बघावं ते न कळून रंगमंचाकडेच बघत राहिला. रत्नम्मानं ताटं उचलली. या वेळी, बिचारी परत कामाला लागली असं कोणालाही वाटलं नाही. पंगतीतला बँकेतला काका तर आपलं ताट नकळत घट्ट धरून बसला होता, ते तिला ओढून घ्यावं लागलं.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एकांनी नंतर भाषणात 'संयमाचा अभाव' असा शब्द वापरला म्हणे. सृष्टीनं तो आईला तिथल्या तिथं सांगितला. रत्नम्मा म्हणाली, "बरोबर ओळखलं."

पडदा पडल्यावर बसवंत एकटाच आत आला. त्याचा चेहरा उतरला होता आणि कानशिलं लाल झाली होती. "सृष्टे," तो म्हणाला, "तुझ्या आईला म्हनावं, चार लोकांत आसं..."

"मामा, ती समोर उभी हाय," सृष्टी म्हणाली. "तिलाच सांग."

"मला तिचं हातवाऱ्याचं कुठं येतंय गं?"

"लहानपनी येत होतं म्हने. दोघं मिळून आमराईत चोऱ्या करत होता तवा."

तो जायला वळला. रत्नम्मानं त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. दुसऱ्या हातानं एकच खूण केली. का?

बसवंतनं सुटायची एक धडपड केली. मग त्याचे खांदे पडले. त्यानं तिच्या गळ्याकडे बोट केलं. मग तोंड मोठ्ठं उघडलं, दोन्ही हात आपल्या कानांवर दाबले, आणि सभोवार बोट फिरवलं. गाव. लोक. तू ओरडली असतीस. सगळ्या गावासमोर ओरडली असतीस, आम्हाला लाज वाटली.

इतक्या वर्षांचं कोडं, आणि उत्तर एवढंसं. रत्नम्मानं हनुवटी सोडली नाही. अप्पा, तिनं खूण केली. कसे होते? मला दाखव.

तिथं, ताटं-वाट्या अजून पसरलेल्या होत्या त्या फळ्यांवर, देगलूरचा आडत्या बसवंत मांडी घालून बसला. पाठ ताठ केली. डावा तळवा छातीपुढं धरला, इष्टलिंग ठेवावं तसा. अप्पांना समाधीत असं बसवलं होतं. रत्नम्मा बघत राहिली. मग तिनं त्याच्या मानेला हात लावून विचारलं, मान? बसवंतनं मान हळूच उजवीकडे कलती केली. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रत्नम्माच्या आलं नाही. तिला अजून विचारायचं होतं.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सर दारात डोकावले, "सृष्टी, निघायचंय. अक्कांना म्हनावं, बाकीचं..." आणि त्या दोघांना बघून ते आल्या पावली परत गेले.

रत्नम्मा भावाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली. अप्पांची खूण केली. स्वतःकडे बोट केलं. शेवटी त्यांनी माझ्याबद्दल विचारलं होतं?

बसवंतनं हो म्हणून मान हलवली.

तुम्ही काय सांगितलंत त्यांना?

त्यानं खाली बघितलं. तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. शेवटी त्यानं तोंड वर केलं आणि ते तिच्याकडे बघून, तिला दिसेल असं, सावकाश बोलला. ती नंतर येईल, अप्पा.

रत्नम्मानं त्याचा हात सोडला नाही. "पुढं सांग," ती म्हणाली.